मळक्या पिशवीतल्या इस्त्रीच्या चादरी

कल्पना करा, एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातली लॉन्ड्री तुमच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यांवर खाटाच खाटा, आणि प्रत्येक खाटेला रोज धुतलेली चादर हवी. एक चादर खाटेवर, एक तुमच्याकडे धुलाईत, एक वॉर्डच्या कपाटात तयार. खाटेमागे तीन असल्या की गाडं चालायला हवं. तुमच्याकडे खाटेमागे पाच आहेत, खरेदीचे कागद तसं सांगतात. तरीही सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून सिस्टर म्हणते, "चादरी संपल्यात. पेशंट नुसत्या रेक्झिनवर झोपलाय." तुम्ही काय कराल?

माझ्या मावशीने बरीच वर्षं जे केलं तेच तुम्हीही कराल. आणखी चादरी मागवाल. नव्या येतील, थोडे दिवस बरे जातील, आणि फोन पुन्हा वाजायला लागेल. जसं काही वर कोणी चादरी खातंय.

मावशी या लॉन्ड्रीत लागली ती घडी घालायच्या कामावर. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादरीची टोकं धरायची, झटका द्यायचा, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. ती म्हणते, "तुझ्या काकांचं तोंड मी जेवढं पाहिलं नसेल तेवढं त्या बाईचं पाहिलंय." पुढे ती तिथली प्रमुख झाली. आता सगळं रुग्णालय तिला मावशीच म्हणतं. इस्त्रीच्या रोलरवर उभे राहणारे दादा तिच्यापेक्षा वयाने मोठे, तेसुद्धा. त्यामुळे मी तिची सख्खी भाची आहे हे तिथे कोणाला पटवून देणं जड जातं.

लॉन्ड्रीच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ. धुलाईची यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली, दोन तोंडांची. मळकं अलीकडच्या दारातून आत जातं, धुतलेलं पलीकडच्या दारातून बाहेर येतं, आणि दोन्ही दारं एका वेळी कधीच उघडत नाहीत. मळकं चुकूनही स्वच्छात मिसळू नये, म्हणून. अलीकडून पलीकडे जायचं तर माणसालाही हात धुऊन, अंगावरचा झगा बदलून जावं लागतं. मावशीचा सगळा जन्म तिथे गेला, तरी पलीकडचं दार उघडताना ती हातातलं काम थांबवते.

"रक्ताने भरलेली गेली होती गं ही," ती म्हणते. "आणि आता बघ. काही घडलंच नाही जसं."

मी लहानपणी पहिल्यांदा ते दार उघडताना पाहिलं, तेव्हा वाफेच्या ढगातून पांढऱ्या चादरींचा गोळा बाहेर आला आणि मी मावशीचा पदर धरून तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी इंजिनियर का झाले, असं कोणी विचारलं तर मला ते दार आठवतं.

गेल्या वर्षी गोष्ट हाताबाहेर गेली. एका म्हाताऱ्या बाईंना ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं, स्ट्रेचरवर घातलं होतं, थिएटरच्या दारापर्यंत नेलं होतं, आणि टेबलावर घालायला निर्जंतुक चादरींचा संच नाही म्हणून परत खाटेवर आणलं. त्या बाईंनी सिस्टरला विचारलं, "माझं काही चुकलं का?" हे मावशीच्या कानावर आलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

रुग्णालयाच्या प्रशासकांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. त्यांनी बैठक बोलावली. साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण रोजच्या तक्रारींनी पार कंटाळले होते. ते म्हणाले, "मावशी, या महिन्याच्या शेवटापर्यंत वेळ घ्या. त्यात चादरीपायी आणखी एक जरी ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, तर लॉन्ड्री बंद करून काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं. माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही."

मावशीच्या हाताखाली सगळ्या बायका, काही नुकत्या लागलेल्या, काहींची मुलं शाळेत. ठेकेदार त्यांना घेणार नव्हता. घरी येऊन मावशी मला म्हणाली, "मला काढलं तरी चालेल. पण या पोरींना मी काय सांगू? चादरी गेल्या कुठे, तेच मला माहीत नाही, असं?"

ते शोधायची सोय साहेबांनी आधीच मंजूर केली होती आणि काम मी जिथे इंजिनियर आहे त्या कंपनीकडे आलं होतं. शर्टाच्या बटणाएवढी एक चिप चादरीच्या दुमडीत शिवायची. लॉन्ड्रीच्या आणि वॉर्डांच्या दारांना स्कॅनर बसवायचे. चादर दारातून गेली की तिची नोंद आपोआप व्हायची. धुवायला येईल त्या प्रत्येक चादरीला चिप शिवायचं काम मावशीच्या बायकांनी उरकलं. मग मी तिच्या टेबलावर पडदा लावला आणि सुरू केला.

पडद्यावर मजले होते, मजल्यांवर वॉर्ड, वॉर्डांत आकडे, आणि ते आकडे हलत होते.

"हे काय बदललं आत्ता?" मावशीने विचारलं.

"आत्ता जी ट्रॉली गेली ना वर, ती तिसऱ्या मजल्यावर पोचली."

"आत्ता? या क्षणी?"

"या क्षणी."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग खुर्चीत बसली.  "इतकी वर्षं मी फक्त यांची पाठ बघत आले गं. दारातून गेल्या की गेल्या. आज पहिल्यांदा कळतंय, त्या कुठेतरी पोचतात."

दादा मागून डोकावून म्हणाले, "मावशी, आता साहेबांना कळणार, आपण चहाला किती वेळा जातो."

"तुम्हाला कुठे चिप शिवलीय, दादा? शिवायची का?"

थोड्याच दिवसांत पडदा भलतंच सांगू लागला. चादरी वर जात होत्या आणि परत यायच्या थांबत होत्या. वॉर्ड खाटांच्या दुप्पट चादरी मागत होते. आम्हाला हे इंजिनियरिंगच्या कॉलेजात शिकवलेलं होतं. कमी पडेल या भीतीने माणूस जास्त मागतो, सगळ्यांनी जास्त मागितलं की खरंच कमी पडतं, आणि मग भीती खरी होती असं वाटून तो त्याहून जास्त मागतो. वर्गात ही गोष्ट फळ्यावरच्या एका वेड्यावाकड्या रेषेने संपली होती. इथे ती रेषा कपाटांत घडी घालून ठेवलेली होती.

साहेबांच्या परवानगीने आम्ही हातातला स्कॅनर घेऊन वॉर्ड पालथे घालायला निघालो. मी, मावशी, आणि सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. आज फक्त मोजायचं होतं, उचलायचं काही नव्हतं. स्कॅनर चादरीच्या जवळ गेला की वाजायचा, भिंतीआडूनसुद्धा. मग काय विचारता! ऑक्सिजनच्या नळकांड्यांमागे चादरी. मोडक्या व्हीलचेअरच्या सीटखाली चादरी. एका वॉर्डात एक्स-रेचं मोठं खोकं वाजायला लागलं.

"सिस्टर," मावशी गोड आवाजात म्हणाली, "एक्स-रेला इस्त्री कधीपासून करायला लागलात?"

मोठ्या सिस्टरांचा चेहरा उतरत चालला होता. प्रत्येक वॉर्डात त्यांच्याच मुली खाली मान घालून उभ्या होत्या. "आमच्या पेशंटला रात्री चादर लागली तर तुम्ही देता का आणून?" एक जण हळूच म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. पण मावशीच्या अंगात आता वारं भरलं होतं. वॉर्डामागून वॉर्ड ती टोमणे मारत गेली.

शेवटी मोठ्या सिस्टर थांबल्या. "मावशी, सगळं वरचंच बघायचं का? तुमच्या तळघरातही फिरवू की हे यंत्र."

"फिरवा की. माझ्याकडे काय मिळणार, भिंती?"

आम्ही खाली आलो. स्वच्छ बाजूला, वाफेच्या पाइपांमागे एक बुटकी खोली आहे, तिथे जुनी मोडकी टेबलं पडलेली असतात असं मला वाटायचं. मी सहज स्कॅनर तिकडे वळवला आणि तो वाजायचा थांबेना. दिवसभरात एकाही वॉर्डात तो असा वाजला नव्हता.

दार मोठ्या सिस्टरांनी उघडलं. जमिनीपासून छतापर्यंत चादरी. कडा जुळलेल्या, कापडाने झाकलेल्या, कुठे धूळ नाही.

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मावशी?"

मावशीने दाराच्या चौकटीला हात धरला. "ते... ते माहेर आहे माझं."

"काय?"

"मी म्हणते तसं. माहेरी कसं, कधीही जावं, रिकाम्या हाताने परत यायला लागत नाही. मागे एकदा मोठा अपघात झाला होता, आठवतं? एका दिवसात सगळे वॉर्ड भरले. माझ्याकडे चादर उरली नव्हती. खिडक्यांचे पडदे काढून दिले मी. त्यानंतर थोड्या थोड्या बाजूला ठेवायला लागले. जुन्या झाल्या की काढायच्या, धुतलेल्या भरायच्या. पिवळ्या पडू नयेत ना." तिचा आवाज बारीक होत गेला. "मी यांना साठ्यात धरतच नव्हते. मला वाटायचं, या चादरी नाहीतच."

म्हणूनच त्यांना चिपाही लागलेल्या होत्या. फिरवता फिरवता तिने स्वतःच शिवून घेतल्या होत्या. स्कॅनर फक्त दारात असतो, दाराबाहेर न गेलेली चादर कोणाला दिसत नाही, असा तेव्हा तिचा समज होता.

सगळ्या इमारतीत सगळ्यात मोठा दडवलेला ढीग मावशीचा निघाला. मोठ्या सिस्टरांनी दार हळूच लावून घेतलं आणि वर निघून गेल्या. मला वाटतं, साहेबांना त्यांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने माहेर रिकामं केलं. चादरी ट्रॉल्यांवर लादल्या आणि सगळ्यात पुढची ट्रॉली स्वतः ढकलत वर नेली. ज्या वॉर्डांत आदल्या दिवशी टोमणे मारले होते तिथेच आधी गेली. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. "पोरींनो, सगळ्यात जास्त मी दडवल्या होत्या. काल तुम्हाला बोलले ते विसरा. माझं कपाट मी मोकळं केलं. तुमच्याकडच्या असतील तर पाठवा. नसतील तर नाही."

मोठ्या सिस्टर तिला जिन्यात गाठून म्हणाल्या, "आणि उद्या पुन्हा तसा अपघात झाला तर? पडदे काढणार का?"

हा प्रश्न खरा होता. मावशीलाही रात्रभर तोच छळत होता. त्या दोघी जिन्यातच उभ्या राहून भांडल्या, आणि भांडता भांडता एक तोडगा निघाला. अडीअडचणीसाठी एकच कपाट, सगळ्यांचं मिळून, मुख्य मार्गिकेत, काचेच्या दारांचं. आत किती चादरी आहेत ते येता-जाता कोणालाही दिसेल, आणि पडद्यावरही दिसेल. प्रत्येकाने आपल्यापुरती भीती वेगळी साठवली तर ढीगच्या ढीग लागतो. एकत्र ठेवली तर त्या ढिगाच्या एका कोपऱ्यात भागतं. हे मी नंतर गणिताने मांडून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "बरोबर आहे. सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पाहुणे येत नाहीत."

सुरुवातीला वरून काहीच आलं नाही. मावशी पडद्यासमोरून हलेना. मग एका सकाळी मळक्या बाजूच्या बायकांनी तिला बोलावलं. त्यांनी मळक्या कपड्यांची एक पिशवी उघडली होती. वर एक चुरगळलेली चादर, आणि तिच्याखाली नीट घडी घातलेल्या, इस्त्रीच्या, कोऱ्या करकरीत चादरी.

"वरचे लोक आपली थट्टा करतायत," दादा म्हणाले. "धुतलेलं धुवायला पाठवलंय."

मावशीने घडीवरून हात फिरवला. "थट्टा नाही, दादा. हातात आणून द्यायला लाज वाटते त्यांना. म्हणून अशा पाठवल्यात."

दुसऱ्या पिशवीतही तेच, तिसऱ्या पिशवीतही. दुपारपर्यंत ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या उतरू लागल्या. पडद्यावरचे वॉर्डांचे आकडे घसरत होते आणि तळघराचा आकडा फुगत होता. मी आयुष्यात इतकं काही एका ठिकाणी जमताना पाहिलं नव्हतं. जाण्यायेण्याची वाट भरली, कोपरे भरले, पिशव्यांवर पिशव्या छताला टेकल्या. घडी घालणाऱ्या एका पोरीने तोंडावर हात ठेवला. "एवढं सगळं वर होतं? आणि आपण रोज शिव्या खात होतो?"

पण याचा फटका आम्हाला त्याच दिवशी बसला. मळक्या बाजूला आलेली वस्तू धुतल्याशिवाय पलीकडे जाऊ शकत नाही, ती कितीही स्वच्छ दिसो. त्या भिंतीला अपवाद नाही. मावशीने सगळी यंत्रं लावली. जे हाती येईल ते आत ढकललं. यंत्रं भराभर धूत होती, पण पुढे रोलर एकच. चादर वाळवून, तापल्या रोलरमधून इस्त्री होऊन निघते ती एकेक करूनच. रोलरसमोर ओल्या चादरींचा डोंगर झाला, आणि थिएटरच्या चादरी त्याच डोंगरात कुठेतरी गाडल्या गेल्या. तयार चादरींचा आकडा कधी नव्हे इतका खाली आला. महिन्याचा फक्त शेवटचा दिवस उरला होता.

थिएटरमधून फोन आला. "मावशी, उद्याची यादी मोठी आहे. मिळतील ना?"

मावशीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सगळं सापडलं, आणि सगळं संपलं. असं कसं होतं गं?"

मी तिला पडद्यावर रोलरसमोरचा ढीग दाखवला.  मग तिने दादांना विचारलं, "तासाभरात तुमचा रोलर किती खातो?" दादांनी सांगितलं. तिने मनाशी काही ठरवलं, झगा बदलून भिंतीच्या अलीकडे गेली आणि म्हणाली, "यंत्रं थांबवा."

बायका बघतच राहिल्या. यंत्र रिकामं ठेवायचं नाही, ही मावशीचीच शिकवण होती.

"रोलरला जेवढं पचतं तेवढंच धुवायचं. पोट भरलेल्याच्या ताटात वाढत बसायचं नाही. आधी त्या ओल्या डोंगरातून थिएटरच्या चादरी काढा, मग थिएटरच्या पिशव्या, मग लहान मुलांचा वॉर्ड. या इस्त्रीवाल्या पिशव्या कोपऱ्यात राहू देत. इतकी वर्षं थांबल्या, आणखी चार दिवस थांबतील."

"आणि साहेब आले तर? यंत्रं बंद दिसतील."

"दिसू देत."

साहेब आलेच. बहुतेक बंद यंत्रं, पिशव्यांचे डोंगर आणि मध्ये शांत उभी मावशी, हे बघून ते दारातच थबकले. "मावशी, उद्या शेवटचा दिवस आहे आणि तुम्ही यंत्रं बंद ठेवलीत?"

मावशी त्यांना झगा घालायला लावून पलीकडे घेऊन गेली. रोलरमधून थिएटरच्या हिरव्या चादरी एकामागून एक निघत होत्या, गरम, सपाट. समोरचा ढीग उतरला होता. एक चादर निघायची, तेवढ्यात भिंतीच्या दारातून दुसरी यायची. कुठे काही साचत नव्हतं, कुठे कोणी धावत नव्हतं.  साहेब खिशात हात घालून बघत उभे राहिले. मग त्यांनी रोलरमधून आलेल्या एका चादरीला हळूच बोट लावून बघितलं, जसं काही ती खरी आहे ना याची खात्री करत होते.

दुसऱ्या दिवशी एकही ऑपरेशन पुढे ढकललं गेलं नाही. संध्याकाळी साहेबांनी फोन करून तेवढंच सांगितलं, आणि ठेकेदाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बायकांनी मावशीला मिठी मारली. दादा म्हणाले, "माझ्या रोलरने वाचवलं," आणि त्या दिवशी कोणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात, सवडीने, कोपऱ्यातल्या पिशव्या उघडायला घेतल्या. मी रजा काढून मदतीला गेले. वरच्या थरात नव्या चादरी होत्या, खाली जुन्या, त्याखाली त्याहून जुन्या. घड्यांच्या रेघा पिवळ्या पडलेल्या. त्या खालच्या थरांत चिप कशालाच नाही. या चादरी आमच्या यंत्रणेने कधी पाहिल्याच नव्हत्या. एका पिशवीच्या तळाशी निळ्या काठाची एक चादर निघाली. मावशीने ती उघडली. कापड इतकं ताठ होतं की कधी कोणी तिच्यावर अंग टाकलं नसावं.

"निळ्या काठाच्या चादरींची मी कधी घडी घातलेली नाही," मावशी म्हणाली. "मी लागले तेव्हा त्या बंद झाल्या होत्या."

दादाही जवळ आले. वयाने मोठे असले तरी नोकरीत तेही मावशीच्या नंतरचे. ती चादर जपणारी सिस्टर कोण, केव्हाची, कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. एकीने दुसरीला कपाटाची किल्ली दिली असेल, दुसरीने तिसरीला, आणि किल्लीबरोबर भीतीही.

मावशीने चादर उजेडासमोर धरली. तिच्यातून पलीकडच्या बायका धूसर दिसत होत्या.

"तुझ्या पडद्याला एवढं विचार गं," ती म्हणाली. "ज्या दिवशी कोणीतरी ही पहिली चादर लपवली, त्या दिवशी चादरी खरंच कमी होत्या का?"